घराची अर्थिंग गाण्याला

गाणं ऐकण्याच्या यंत्रांबद्दल सल्ला मागायला माझ्याकडे अजून माणसं येतात. दुकानाचं शटर मी कायमचं खाली ओढलं त्याला बराच काळ लोटला, पण डहाणू रोडला राऊत रेडिओवाले कुठे राहतात हे रिक्षावाल्यांना ठाऊक असतं. "राऊत, नवा डॅक घ्यायचाय, कुठला घेऊ?" "प्रीअँप बदलला तर आवाज उघडेल का?" मी त्यांना उलट दोन प्रश्न विचारतो. घरातली अर्थिंगची हिरवी वायर शेवटी कुठे जाते? आणि तुमच्या घरात अनवाणी काम कोण करतं? लोक हसतात. म्हातारा भरकटला, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसतं. हसेनात का. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय मी कुठल्याही पेटीचं नाव घेत नाही, आणि ते का, हे आज लिहून टाकतो. लिहितानाही माझी तळपायाची आग मस्तकात जाते, तेव्हा भाषा थोडी कडक झाली तर संपादकांनी सांभाळून घ्यावं.

आधी धंदा काय तो सांगतो. मी रेडिओ दुरुस्त करत मोठा झालो. रेडिओ गेले, टेप आले, टेप गेले, टीव्ही आले. मी आपला सोल्डरचे डाग देत राहिलो. गिऱ्हाइकं एकेक नग. चिंचणीचा एक बोटवाला होता. त्याच्या घरामागे सुक्या मासळीच्या काठ्या आणि पुढच्या खोलीत अँप्लिफायर. खारी हवा त्याच्या सगळ्या पिना खायची. डबा उघडला की आत हिरवी बुरशी असल्यासारखा तांब्याचा गंज. खिडकी समुद्राकडे उघडी ठेवू नका, म्हटलं तर म्हणायचा, "माझ्या होडीचं इंजिन खाऱ्या पाण्यात चालतं, नि तुझा डबा नुसत्या हवेनं मरतो? मग दोष कुनाचा?" तलासरीला हायवेवर एक ढाबेवाला होता. त्याचं एकच मागणं, "अवाज रोड सुधी जवो जोइए." हायवेवरून जाणाऱ्या ट्रकवाल्याला ब्रेक मारायच्या आधी गाणं ऐकू गेलं पाहिजे. त्याचे स्पीकर दर लग्नसराईत फाटायचे आणि दर वेळी तो मलाच शिव्या द्यायचा. या दोघांचा मला कधी राग आला नाही. त्यांना काय हवंय ते त्यांना माहीत होतं, आणि त्यांच्या हौसेपायी फक्त स्पीकर फाटत होते.

नंतर कॉम्प्युटरवरून गाणी ऐकायचे दिवस आले. या भागात पगारदार निवृत्त माणसं बरीच. हातात वेळ, डोक्यात सूर, आणि मोबाईलवर दिवसभर बडबडणारे परीक्षणवाले. मग सुरू झालं डॅक आणि प्रीअँपचं खूळ. ज्यांना ही नावं नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटरात गाणं नसतं, नुसते आकडे असतात. कानाला आकडे कळत नाहीत. त्या आकड्यांचं हलत्या-डुलत्या विजेत रूपांतर करणारी पेटी म्हणजे डॅक. म्हणजे दुभाषाच. आमच्या बाजारात जो तो मराठी, गुजराती, हिंदी जमेल तसं बोलतो, म्हणून दुभाष्याचं मोल आम्हाला कळत नाही. पण कोर्टात तो लागतोच, आणि चांगला दुभाषा तोच जो स्वतःच्या पदरचं काही घालत नाही. प्रीअँप त्याच्या पुढचा. कुठल्या यंत्राचं गाणं आत सोडायचं आणि किती मोठ्याने, एवढंच त्याने बघायचं. दोन बऱ्या डॅकमधला फरक फार थोडा असतो. हे वाक्य मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगितलं आणि त्यापायी पुष्कळ गिऱ्हाइकं घालवली.

सामंत साहेब सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि सरावलीला चिकूच्या झाडांत एक जुना बंगला घेऊन राहिले. सोबत वहिनी. मुलगी परदेशात. साहेबांचं वेड शास्त्रीय गाण्याचं, आणि ते वेड अस्सल होतं, हे त्यांच्या विरोधात लिहितानाही मला मान्य करावं लागेल. तंबोरा लागला की ते डोळे मिटायचे ते चहा निवला तरी उघडायचे नाहीत. त्यांना जुन्या पेट्या काढून नवा डॅक आणि नवा प्रीअँप घ्यायचा होता. मी तीन डॅक आजमावायला घेऊन गेलो, आणि एक खेळ मांडला. पेट्यांवर चादर टाकली आणि वहिनींना म्हटलं, मी खूण केली की मागची वायर या पेटीतून काढून त्या पेटीत घाला, कुठली ते कुणाला सांगू नका. साहेबांनी तासभर ऐकलं आणि ज्या आवाजाला "वा! हा पडदा उघडला बघा" म्हणाले, तो त्यांच्याच जुन्या पेटीचा निघाला. वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. मी हसलो नाही, कारण मलाही ओळखता आलं नव्हतं.

कमळी तेव्हा प्रथम दिसली. सरावलीच्याच एका पाड्यावरची, त्यांच्याकडे धुणं-भांडी-फरशी करणारी. माझ्या पेट्यांच्या मधून पोछा फिरवताना तिने एकदा कंबर सरळ केली आणि विचारलं, "दादा, हे सगलं एका गाण्याला?" मी म्हटलं, हो. "मंग गाणाऱ्याला किती लागत असंल," म्हणाली आणि पुढची फरशी पुसायला गेली.

शेवटी एक मध्यम डॅक आणि एक साधा प्रीअँप ठरला. मी एकच अट घातली, मधल्या वायरीची. कॉम्प्युटर अभ्यासिकेत, अँप्लिफायर दिवाणखान्यात, दोन्ही वेगळ्या बोर्डांवर. अशा वेळी कॉम्प्युटर आणि डॅक यांच्यामध्ये तांब्याची वायर घातली की दोन्हीकडच्या अर्थिंगची मिळून एक कडी तयार होते. त्या कडीत चुकार वीज फिरत राहते, आणि स्पीकरमधून बारीक "ह्म्म्म" ऐकू येतं, भुंगा कोंडल्यासारखं. त्यावर उपाय सोपा: मध्ये उजेडाची वायर घालायची. तिच्यातून आकडे प्रकाशाच्या रूपाने जातात, विजेला वाटच राहत नाही. वायर बाजारात सहज मिळते, डॅकला तिचं भोक असतं. पण मोबाईलवरच्या कुणा शहाण्याने साहेबांना सांगितलं होतं की उजेडाच्या वायरीने आवाज पातळ होतो. "राऊत, तुमचा अनुभव रेडिओचा आहे. हे जरा वेगळं क्षेत्र आहे," साहेब म्हणाले. मी पेट्या बसवल्या, तांब्याची वायर ओढली आणि गप घरी आलो. अपेक्षेप्रमाणे भुंगा आला. त्या भुंग्यापायी साहेबांनी साधा प्रीअँप विकून भारी घेतला, मग डॅक विकून त्याहून भारी घेतला. भुंगा हलला नाही. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

मग त्यांनी मुंबईहून एक सल्लागार बोलावला. मी त्याला पाहिलेला नाही, आणि पाहिला नाही हे त्याचं नशीब. त्याने काय केलं ते मला नंतर कळलं, पण वाचकांना आत्ताच सांगतो. आधी त्याने कॉम्प्युटर दिवाणखान्यात आणून सगळ्या पेट्या एकाच बोर्डावर लावल्या. तिथेच कडी तुटली, भुंगा मेला. झालं, चहा पिऊन निघायचं. पण एवढ्याने सल्लागाराचं मोठेपण कसं दिसणार? त्याने साहेबांना सांगितलं, तुमच्या फ्रीजची, पंपाची, धुण्याच्या मशीनची घाणेरडी वीज अर्थिंगमधून गाण्यात शिरते. गाण्याला स्वतःची स्वच्छ अर्थिंग पाहिजे.

अर्थिंग म्हणजे काय, तेही थोडक्यात. अंगणात खड्डा खणून त्यात मीठ-कोळशात तांब्याचा पत्रा पुरतात. घरातल्या प्रत्येक लोखंडी यंत्राच्या अंगाला जोडलेली हिरवी वायर त्या पत्र्यापर्यंत जाते. यंत्राच्या आत बिघाड होऊन वीज अंगावर उतरली, तर ती त्या वायरीने जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. ती वायर नसेल तर वीज वाट बघत थांबते. मग जो कुणी हात लावील आणि ज्याचे पाय ओल्या जमिनीवर असतील, त्याच्यातून ती जमिनीत जाते.

सामंतांच्या बंगल्याला असा एकच खड्डा, चिकूच्या झाडाजवळ. वायरिंग जुनं, गळती झाली की आपोआप वीज तोडणारा स्विच बसवलेला नाही. नवा खड्डा खणायचा तर मजूर हवेत, मीठ-कोळसा हवा, आणि सल्लागाराला संध्याकाळच्या आत परतायचं होतं. म्हणून त्याने आहे तो खड्डा गाण्याला देऊन टाकला. त्या खड्ड्याची वायर फक्त दिवाणखान्यातल्या बोर्डाला जोडली, आणि उरलेल्या सगळ्या घराची हिरवी वायर सोडवून, टोकाला काळी टेप गुंडाळून, मेन बोर्डाच्या मागे खुपसून ठेवली. टेप फार सुबक गुंडाळली होती. ती सुबक टेप आठवली की आजही माझे हात शिवशिवतात.

काही महिन्यांनी साहेबांचा फोन आला. "राऊत, रुसवा सोडा आणि येऊन ऐका. आणखी एका प्रीअँपचा विचार चाललाय, तुमचं मत हवंय." मी गेलो. गाणं लावण्याआधी साहेबांनी आवाजाचं बटण पूर्ण फिरवून मला स्पीकरला कान लावायला सांगितलं. खरंच, काही नाही. साहेबांच्या चेहऱ्यावर बारशाचा आनंद. "गाण्याला स्वतःची अर्थिंग दिलीय," म्हणाले. मला वाटलं नवा खड्डा खणला. "कुठे खणला?" विचारलं. "खणायचं कशाला? होता तोच," साहेब म्हणाले.

मी उठलो. नेमकं काय झालंय ते बघायला मेन बोर्डाकडे निघालो, तर स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या जागेत वहिनींचा आवाज चढलेला. "एवढी मशीन घेतलीय ती काय शोभेला? बाहेर दगडावर आपटून चादरी फाटतात, कमळे. तुला नसेल वापरायची तर सांग, मी दुसरी बाई बघते."

कमळी ओल्या शहाबादी फरशीवर उभी होती. चपला तिच्या दाराबाहेर, कुणाच्याही घरी कामाला गेल्यावर असतात तशा. वहिनींच्या पायात रबरी सपाता, टाचा दुखतात म्हणून दिवसभर.

"काय झालं?" मी विचारलं.

"दादा, ती मशीन चावते," कमळी म्हणाली. "गरम पानी चालू असलं का मंग जास्ती. कापडं काढाया हात घातला का पार खांद्यापावत मुंग्या. त्या दिशी तर फेकलीच मला. बाल्टी इकडं, मी तिकडं."

"नाटकं सगळी," वहिनी म्हणाल्या. "मी रोज हात लावते. मला कसं काही होत नाही?"

"बाईला नाय चावत," कमळी शांतपणे म्हणाली. "मलाच चावते."

वहिनींच्या सपाता आणि कमळीचे ओले पाय मला एकदमच दिसले. मी दोघींना मागे सरायला सांगितलं. पिशवीतून टेस्टिंगचा बल्ब काढला. साधा बल्ब, दोन वायरी. मशीनला गरम पाण्यावर चालू केलं, एक टोक मशीनच्या उघड्या स्क्रूला टेकवलं, दुसरं नळाच्या लोखंडी पाइपला. पाणी तापायला लागलं तसा बल्ब पेटला. मंद, तांबूस. आत पाणी तापवणारी सळई होती, तिचं आवरण फुटत चाललं होतं. आज बल्ब मंद होता, उद्या तो लख्ख पेटला असता, आणि त्या वेळी बल्बच्या जागी कमळी असती.

मी मशीनचा प्लग खेचून काढला आणि मेन बोर्डामागे हात घातला. काळ्या टेपचं ते टोक माझ्या हाताला लागलं.

साहेब मागोमाग आले होते. मी त्यांना बल्बची गोष्ट सांगितली, टेप दाखवली. त्यांनी नीट ऐकून घेतलं. त्यांना कळलं नाही असं मुळीच नाही, माझ्याइतकंच कळलं. आणि मग ते म्हणाले, "बरं, मग आपण दिवाळीनंतर घरासाठी वेगळा खड्डा करून घेऊ. तोवर हे असंच राहू द्या. आत्ता घर जोडलंत तर गुणगुण परत येईल. दिवाळी पहाटेला मंडळी ऐकायला यायची आहेत. कमळीला सांगा, चपला घालून काम कर."

आयुष्यात मी गिऱ्हाइकावर फार ओरडलो नाही. धंद्याला ते परवडत नाही. त्या दिवशी ओरडलो. "साहेब, तुमच्या भुंग्यापायी तुम्ही घरातलं माणूस विजेला बांधलंय, कळतंय का तुम्हाला? माणूस!"

"राऊत, आवाज खाली. मी तुम्हाला प्रीअँपबद्दल विचारायला बोलावलं होतं, वीज खात्याचा इन्स्पेक्टर म्हणून नाही. मी दिवाळीनंतर म्हटलंय ना? करणार नाही असं म्हटलेलं नाही."

करणार नाही असं म्हटलेलं नाही. सरकारी टेबलावर आयुष्य काढलेल्या माणसाचं हे वाक्य. या वाक्याखाली गावोगाव किती खांब, किती पूल, किती शाळांची छपरं वाट बघत उभी आहेत, देव जाणे. आणि मला जास्त राग कशाचा आला सांगू? हाच माणूस एका बारीक 'ह्म्म'साठी रात्र रात्र जागला होता, पेट्यांमागून पेट्या बदलल्या होत्या, मुंबईहून माणूस आणवला होता. त्याचे कान तिखट होते. स्पीकरमधला भुंगा त्याला भिंतीपलीकडून ऐकू यायचा. आणि "मशीन चावते" हे वाक्य त्याच घरात, त्याच्याच कानांवर, कितीतरी वेळा पडून गेलं होतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढे राहून जाईल. त्याच दिवशी मी घराची वायर परत जोडली आणि गाण्याचीही त्यातच घेतली. दिवाणखान्यात जाऊन आवाजाचं बटण पूर्ण फिरवून ऐकलं. भुंगा आला नाही. येणारच नव्हता, पेट्या एका बोर्डावर आल्या तेव्हाच तो मेला होता. म्हणजे कमळीच्या अंगातून वीज जात होती ती कशासाठीही नाही. गाण्यासाठीसुद्धा नाही.

पण ते नंतर. त्या क्षणी आम्ही चौघं त्या ओल्या जागेत उभे होतो. साहेब दारात, मी बोर्डापाशी वायरीचं टोक हातात धरून, कमळी भिंतीला टेकून. वहिनी मशीनशेजारी. नाटकं, म्हणाल्या होत्या त्याच वहिनी. त्यांनी पायातल्या सपाता काढल्या. वाकून उचलल्या आणि कमळीच्या पायांपाशी ठेवल्या.

"घाल या," म्हणाल्या. मग साहेबांकडे न बघता, "दिवाळीपर्यंत धुणं मी करते." आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहून त्यांनी मशीनच्या उघड्या तोंडाकडे हात नेला.

प्लग मी काढून ठेवला होता. साहेबांना तो दारातून दिसत नव्हता. वहिनींना दिसला होता की नाही, मला आजही माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

"हात लावू नकोस!" साहेब ओरडले.

एवढ्या मोठ्याने त्या घरात कधी गाणंही वाजलं नसेल. आवाज फाटला होता. ते दारातून दोन ढांगांत आत आले, त्यांनी वहिनींचं मनगट धरून मागे खेचलं, आणि स्वतः धापा टाकत उभे राहिले.

कमळीने त्या सपाता पायात घातल्या नाहीत. पायानेच हळूच बाजूला सारल्या. पदर खोचला, दाराबाहेरच्या आपल्या चपला घातल्या, आणि जाता जाता साहेबांसमोर थांबली. तिचा आवाज चढला नव्हता. माझ्यासारखी ती रागावलीही नव्हती, निदान दिसत तरी नव्हती.

"साहेब," ती म्हणाली, "असंच मला पन सांगायचं ना."